आधी करायला लाव

प्रिय मुली,

प्राध्यापकांना विश्वसनीय स्रोत ओळखता येतात का, हे मोजणारी तुझ्या प्रबंधाची प्रश्नावली रात्री वाचली. चाळीस विधानं, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. गाईड खूश आहेत, तुला मात्र काहीतरी खटकतंय. खटकू दे. 'मला विश्वसनीय स्रोत ओळखता येतात' यापुढे 'असहमत' अशी खूण करणारा प्राध्यापक मला अजून भेटायचाय! येतं का विचारू नकोस. करायला लाव.

क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा 1999चा निबंध वाचलायस ना? चाचणीच्या गुणांवरून शंभरांच्या रांगेत ज्यांची जागा खालून बारावी, त्यांनी स्वतःला बासष्टावी देऊन टाकली होती. तुझी चाळीस विधानं हाच फाजील आत्मविश्वास मोजणार.

त्यापेक्षा एक संदर्भ दे: वेकफिल्ड यांचा निबंध, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, 1998, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा. 'प्रबंधात आधार म्हणून घ्याल का?' एवढंच विचार, संगणक दे, दहा मिनिटं दे आणि मागे उभी राहा. लॅन्सेटने तो 2010 साली मागे घेतला. मूळ पान उघडलं की तसं लिहिलेलंच दिसतं. पण उघडतं कोण? 'लॅन्सेट आहे ना, मग झालं' म्हणणारे किती, ते मोज.

'सर रागावतील' म्हणे! रागावू देत. नावं घेऊ नकोस, पण वगळूही नकोस. मुलं त्यांच्याच संदर्भयाद्या उतरवतात.

माझ्या प्रबंधासाठी मीही तुझ्यासारखीच प्रश्नावली वाटली होती. सरासरी पाचपैकी चारच्या वर. त्याच महिन्यात 'पूर्ण सहमत'वाले एक सर निबंध स्वीकारल्याचं पत्र दाखवायला आले: चार दिवसांत स्वीकृती, पैसे आधी. नियतकालिक बनावट होतं. मला कळलं, मी गप्प बसलो. प्रबंध टाइपिंगला गेला होता, मुदत डोक्यावर होती, घरी दोन लहान पोरं. तू असतीस तर काय केलं असतंस? जाऊ दे. तेव्हा मीही करायला लावलं नाही, एवढं खरं.

दहा विधानं हवी तर ठेव. कामाचे गुण त्यांच्या शेजारी मांड. दोहोंमधलं अंतर हाच तुझा प्रबंध.

शनिवारी वेकफिल्डसारखी तीन कामं लिहून घेऊन ये. प्रश्नावली आणू नकोस. तसली एक माझ्या कपाटात आहे, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली.

— सर