मुलगी सहावीत आहे. शाळेच्या वेळी रडते, पोट दुखतं म्हणते. खासगी समुपदेशकाची फी परवडत नाही, काय करावं? (जालना जिल्हा)

ताई, फी न भरता मदत मिळते: जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि तिथवर जाणं होईपर्यंत १४४१६ वर फोन करा. हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट लागेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रविवारी न दुखणारं पोट सोमवारी सकाळी दुखतं, ते नाटक नसतं. भीतीनं खरंच कळ येते. पण घरी ठेवत गेलं की भीती वाढते. वर्गशिक्षकांना भेटा, सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत तरी बसू द्या म्हणा. शाळेत कुणी मारत किंवा टाकून बोलत असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे, मुख्याध्यापकांना लेखी द्या.

आणि घरातलं एक: रात्री बियाण्याच्या उधारीचं बोलणं निघतं तेव्हा लेकरं गोधडीत जागी असतात, सगळं ऐकतात. तुझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे वेगळे काढलेत, हे तिला डबा उघडून दाखवा.

मात्र दुखण्यानं झोपमोड होत असेल, उलट्या होत असतील किंवा वजन घटत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.