'आम्ही ठरवलंय', पण तिने?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंजिनाच्या ज्वलनकक्षावर, म्हणजे कम्बशन चेंबरवर, प्रोजेक्ट करते. एक परिचित म्हणाले, इंजिनातला प्रत्येक भाग कुणीतरी पेटंट करून ठेवलाय, उद्या कोर्टाची नोटीस येईल. २० टक्के बदल केला की चालतं, असंही ऐकलं. आम्ही तिला आयटीकडे वळवायचं ठरवलंय. कोणता कोर्स लावू? – एक पालक, भोसरी

उत्तर : तुमच्या पानभर पत्रात 'आम्ही ठरवलंय' तीनदा आहे. मुलगी भेटते ती थेट तळाशी, निळ्या पेनाने, घाईत : 'सर, पिस्टनच्या माथ्यावरची वाटी जरा उथळ केली की ज्योत कशी पसरते ते बघताना रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.' ही ओळ पाकिटात घालताना तुम्ही वाचलीत का? नोटिशीची धास्ती तिला नाही, तुम्हाला आहे. आणि ती ऐकीव आहे. त्या धास्तीवर विसंबून पोरीची तीन वर्षं पाण्यात घालायला निघालात.

असे खटले होतात, हे खरं. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' ही १२५ सीसीची मोटरसायकल आणली. लहान इंजिनात दोन स्पार्कप्लग बसवायचं पेटंट बजाजकडे होतं, आणि 'फ्लेम'मध्ये तेच वापरलंय असा बजाजचा आरोप होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण दावा कंपनीवर होता, ड्रॉइंग काढणाऱ्या पोरांवर नव्हे.

आता ते २० टक्के. असा नियम कुठल्याच कायद्यात नाही, आणि डिझाइन करणाऱ्याला याच्याइतकं महागात पडणारं दुसरं काही नाही. पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून 'क्लेम', म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या अटी, लिहिलेले असतात. कुंपण तिथे असतं, चित्रात नाही. बजाजच्या क्लेममध्ये सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, पातळ (इंधन कमी, हवा जास्त) मिश्रण, दोन प्लग अशा अटी होत्या. एका क्लेममधल्या सगळ्या अटी तुमच्या इंजिनात असतील, तर वर दहा सुधारणा केल्या तरी सुटका नाही. 'आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह तीन आहेत' हा टीव्हीएसचा एक मुद्दा होता. भांडण इतक्या बारीक गोष्टींवर चालतं. उलट, एखादी महत्त्वाची अट खरोखरच नसेल, तर बाकी सगळं सारखं दिसलं तरी तुम्ही कुंपणाबाहेर. मात्र त्या जागी तेच काम करणारा भाग नाव बदलून बसवला, तर न्यायालयाला ते कळतं.

म्हणून साचा टाकण्याआधी क्लेम वाचायचे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट सापडतात. मुदत अर्जापासून २० वर्षं, तीही देशापुरती. गाडी निर्यात करायची तर तिथली पेटंटं वेगळी बघावी लागतात. बजाजचा तो अर्ज जुलै २००२ चा. म्हणजे ज्यावरून एवढा खटला झाला, ते पेटंट २०२२ मध्येच संपलं. मुदत संपलेली अशी पेटंटं तिच्यासाठी फुकटची पाठ्यपुस्तकं आहेत. राहिला कॉलेजचा प्रोजेक्ट, तर प्रयोगासाठी आणि शिकण्यासाठी केलेल्या वापराला पेटंट कायद्याच्या ४७व्या कलमात मोकळीक आहे.

पुढे एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा आहेच. दुसऱ्यांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या पेटंट एजंटच्या परीक्षेलाही इंजिनिअरिंगची पदवी चालते, वकिली लागत नाही.

आयटीचा कोर्स मी सुचवणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. तळाच्या दोन ओळी तुम्ही लिहा.