खांबाजवळचा तंगूस : वाचकांचे प्रश्न

गणपती गेले की गंगापूरचं पाणी हळूहळू निवळायला लागतं आणि माझ्याकडे प्रश्नांचा रतीब सुरू होतो. यंदा बहुतेकांची तक्रार एकच आहे, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटतो. कुणाचा जॅकवेलच्या (धरणातून पाणी उपसायच्या विहिरीच्या) खांबाला, कुणाचा होडीच्या धक्क्याला, एकांना तर थेट अमेरिकेतल्या दोरीची काळजी. म्हणून या खेपेला रॉड आणि रीळ बाजूला ठेवतो, फक्त दोरीबद्दल बोलू.

धरणाच्या फुगवट्यात शेतकऱ्यांच्या मोटारी पिंपांवर तरंगत असतात, तिथे मरळ हमखास असते. माझ्याकडे 20 पौंडाचा तंगूस आहे. मरळ दोन किलोच्या वर क्वचितच लागते, तरी चारांतली तीन वेळा दोरी जाते. 30 पौंडाचा घेऊ का? (मखमलाबाद)

घ्या, पण आधी तुटलेलं टोक बघा. ते टोक फेकून देण्याची आपल्याला घाई असते, आणि सगळी हकिगत त्यातच लिहिलेली असते. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर दोरी तुटलेली नाही, गाठ सुटली आहे. वीतभर भाग पांढुरका आणि खरखरीत लागत असेल तर दोरी कशाला तरी घासली. सुरीने कापल्यासारखं स्वच्छ टोक असेल तर दात किंवा पत्र्याची धार.

तुमच्या बाबतीत दुसरा प्रकार असणार, असं माझं मन सांगतं. 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो, पण हा आकडा नव्या, ओरखडा नसलेल्या दोरीचा आणि सरळ ओढीचा आहे. मरळ आमिष घेते आणि लगेच वळून खांबाच्या किंवा पाइपाच्या आड शिरते. तिथे सिमेंटच्या कोपऱ्यावर दोरी दोनदा घासली की 9 किलोचे किती उरतात याचा काही भरवसा नाही. द्राक्षबागेत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको. तार मधे कधी तुटत नाही, अँगलला जिथे घासते तिथे तुटते.

पाणवेलींत आणि गवतात ब्रेडेडसारखी, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या दोरीसारखी, दुसरी दोरी नाही, ती पानं देठं कापत बाहेर येते. पण तीच दोरी ताणलेली असताना सिमेंटला किंवा गंजलेल्या पिंपाच्या काठाला लागली की तिचे बारीक धागे एकेक करून जातात. म्हणून रिळावर 40 पौंडाची ब्रेडेड ठेवा आणि पुढे दोन हात 30 पौंडाचा जाड नायलॉन जोडा. खांबाशी जे काही घासाघीस व्हायचं ते या दोन हातांत होऊ द्या. प्रत्येक माशानंतर शेवटची हातभर दोरी नखांच्या चिमटीतून ओढून पाहा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा गाठ मारा. आळस इथेच नडतो.

आणखी एक. मासा लागल्यावर दोरी मोटारीपासून दूर ओढली जाईल अशा बाजूला आधीच उभे राहा. पुष्कळ जण मोटारीच्या बरोबर समोर उभे राहतात आणि मग मरळीला दोष देतात.

मोटारीच्या केबलला गळ अडकला तर मात्र ओढू नका, दोरी सरळ कापून टाका. पाण्यातल्या केबलवरचं आवरण फाटलेलं असू शकतं. वरून वीजवाहिनी जात असेल तर कार्बनचा रॉड तिथे उघडूच नका, कार्बनमधून वीज वाहते. आणि धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

मुलगा मिशिगनमध्ये असतो. घरामागे तळं आहे, लाकडी डॉक (होडीचा धक्का) आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. तो म्हणतो, बाबा, इथे डॉकखाली बास मासा असतो. दुकानात मोनो, फ्लोरो, ब्रेड असं काय काय विचारतात. काय सांगू? (नाशिकरोड)

हा प्रश्न वाचून थोडा हेवा वाटला, लपवत नाही.

आधी माशाची ओळख करून घ्या. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्या गोदावरीत तो नाही, पण स्वभावाने मरळीचा लांबचा भाऊ म्हणावा असा. सावलीत दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. डॉक म्हणजे त्याच्यासाठी अंगणातला मांडव. ऊन जितकं कडक तितका तो आत, अगदी मागच्या अंधारात. तेव्हा आमिष डॉकच्या कडेला टाकून भागत नाही, फळ्यांच्या खाली आत घालावं लागतं. तिथले लोक भाकरी मारतात. आपण लहानपणी तळ्यात चपटा दगड टप्पे घेत पाठवायचो ना, अगदी तसंच मऊ रबराचं आमिष पाण्यावर टप्पे खात डॉकखाली सरकवायचं. दोरी कोणती हा प्रश्न इथून सुरू होतो. दुकानातलं मोनो म्हणजे आपला साधा नायलॉन, ब्रेड म्हणजे ब्रेडेड, आणि फ्लोरो म्हणजे फ्लोरोकार्बन, दिसायला नायलॉनसारखाच पण कडक.

उघड्या तोंडाचं स्पिनिंग रीळ असेल, आणि नवख्याने तेच घ्यावं, तर रिळावर 10 ते 15 पौंडाची ब्रेडेड आणि पुढे चार-पाच फूट 10 किंवा 12 पौंडाचा फ्लोरोकार्बन. ब्रेडेड मऊ असते, रिळावर वेटोळी धरत नाही, त्यामुळे भाकरी मारताना ती सुरळीत सुटते. ती जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून डॉकखाली अंधारात मासा आमिषाला नुसता शिवला तरी बोटाला कळतं. पण डॉकच्या लाकडी खांबाला तीच दोरी करवतीसारखी रुतते. फळीच्या फटीत किंवा खिळ्यामागे अडकली की आलाच निकाल. म्हणून पुढे फ्लोरो. तो कडक असतो आणि घासणीला टिकतो.

मिशिगनच्या पुष्कळ तळ्यांत आणखी एक भानगड आहे, झेब्रा शिंपले. बाहेरून आलेला हा बोटाच्या पेराएवढा शिंपला 1988 साली मिशिगन आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात पहिल्यांदा सापडला आणि पुढे सगळीकडे पसरला. खांबांवर त्यांचे थर चढतात आणि कडा ब्लेडसारख्या असतात. डॉकचे खांब हात फिरवून बघा, जपून. शिंपले असतील तर लीडर, म्हणजे पुढे जोडलेला फ्लोरोचा तुकडा, 15 पौंडाचा करा आणि जरा लांब ठेवा. डॉक तरंगता असेल तर तो खाली साखळ्यांनी किंवा केबलने बांधलेला असतो, त्या कुठून जातात हे मुलाला विचारून ठेवा. लागलेला बास नेमका तिथेच पळतो.

पुढे कधी आडवं बेटकास्टिंग रीळ घेतलंत आणि जड जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) टाकायला लागलात तर ब्रेडेडची जोडणी सोडून सरळ 15 ते 20 पौंडाचा फ्लोरो भरतात. त्या रिळावर भाकरी मारताना हात चुकला की दोरीचा घरट्यासारखा गुंता होतो. शिकताना त्यावर साधा नायलॉन भरावा हे माझं मत आहे. तो मऊ असतो, स्वस्त असतो, आणि कापून फेकताना जीव हळहळत नाही.

पाण्यावर तरंगणारं आमिष वापरणार असाल तर मात्र फ्लोरो नको. तो पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो, बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो. नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड आहे आणि ब्रेडेड चक्क तरंगते.

जाण्याआधी लायसन्सचं बघा. मिशिगनमध्ये 17 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ते लागतं, पाहुण्यालाही. आणि शेजाऱ्याच्या डॉकला गळ लावण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा. आपल्याकडे दुसऱ्याच्या विहिरीवर न विचारता पोहायला जात नाहीत, तसंच.

फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणतात. दुप्पट पैसे देण्यासारखं आहे का? (गंगापूर रोड)

कमी दिसतो, दिसत नाही असं नाही. प्रकाश किती वाकतो याचा पाण्याचा आकडा 1.33, फ्लोरोचा 1.42 आणि नायलॉनचा 1.53 च्या आसपास. फ्लोरो पाण्याला जवळचा, म्हणून कमी चमकतो. पण श्रावणात गोदावरीचं पाणी चहासारखं असतं, तेव्हा तुम्ही सुतळी लावली तरी मासा काही म्हणणार नाही. डिसेंबर-जानेवारीत दारणा किंवा मुकणेचं पाणी काचेसारखं होतं आणि रोहू नखरे करतो, तेव्हा पुढच्या दोन-तीन हातांपुरता फ्लोरो लावा. अख्खं रीळ भरणं म्हणजे लंगोटीला जरीचा काठ.

काका, मी बारावीत आहे. नवीन स्पिनिंग रीळ घेतलं. दोन रविवारांत तंगूसाला इतका पीळ पडला की सगळा गुंता झाला. दोरी खराब आहे का? (सिन्नर)

दोरी चांगली आहे, सवय खराब आहे. रागावू नकोस, माझीही होती.

फेकल्यानंतर रिळाची तारेची कमान हाताने बंद कर, हँडल फिरवून नको. बंद केल्यावर दोरी एकदा हाताने ताणून घे. दुसरं, मासा दोरी ओढत असेल आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) कर्रर्र करत सुटत असेल तेव्हा हँडल फिरवायचं नाही. पाचास एक गिअरचं रीळ असेल तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला दोरीला पाच पीळ बसतात. वीस फेरे मारलेस की शंभर! मासा थांबला की रॉड उचलायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं.

पडलेला पीळ काढायला गळ, शिसं, सगळं सोडून टाक. वाहत्या पाण्यात मोकळी दोरी पन्नासेक मीटर सोड, पाच मिनिटं वाहू दे आणि चिमटीत धरून गुंडाळ. पीळ आपोआप उलगडतो. फक्त रामकुंडाकडे जाऊ नकोस, तिथे माशांना लोक चुरमुरे घालतात, गळ घेऊन दिसलास तर दोरीआधी कान पिळला जाईल.

आणि रीळ काठोकाठ भरू नकोस. काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांब.

संक्रांतीचा नायलॉन मांजा उरला आहे. फार मजबूत आहे. गळाला चालेल का? (येवला)

येवल्याहून हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 ला त्यावर देशभर बंदी घातली आहे, तो घरात असायलाच नको. गळाच्या दृष्टीनेही तो कुचकामी आहे. मांजाला काचेची पूड लावलेली असली तर तुमच्याच रॉडच्या कड्या कापल्या जातील आणि बोट चिरेल ते वेगळं.

मी पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला जाते. मागच्या हिवाळ्यात एका बगळ्याच्या पायात तंगूस गुंडाळलेला दिसला. तुम्ही लोक हे थांबवणार का? (निफाड)

ताई, मान खाली घालून उत्तर देतो. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालं. तिथल्या अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊच नये, हे आधी. पण दोरी वाहत येते. वर सायखेडा-चांदोरीला कुणी गुंता फेकला की तो खाली तुमच्या बगळ्यापर्यंत पोहोचतो. नायलॉन पाण्यात कुजत नाही.

वाचकहो, जुनी प्लॅस्टिकची बाटली पिशवीत ठेवा. कापलेला प्रत्येक तुकडा तिच्यात, झाकण घट्ट, घरी आल्यावर घंटागाडीत. काठावर जाळू नका. आणि खांबाला अडकलेली दोरी रॉडने हिसकू नका, मग ती कुठेही तुटते आणि वीस मीटर पाण्यात राहते. हाताला फडकं गुंडाळा, दोरी त्यावर दोन वेढे घेऊन सरळ मागे चालत जा. पुढचा लीडर मागच्या दोरीपेक्षा थोडा कमी ताकदीचा असेल तर तिथेच सुटतो, जवळजवळ सगळी दोरी परत येते. पहिल्या उत्तरात 40 ला 30 जोडायला सांगितलं ते याचसाठीसुद्धा.

तंगूस किती दिवसांनी बदलायचा? (पंचवटी)

नायलॉन वर्षातून एकदा, जास्त जात असाल तर दोनदा. ब्रेडेड तीन-चार वर्षं जाते. पुढची झिजली की उलटी करून भरा, आतली बाजू नवी कोरी असते.

नायलॉनचे दोन शत्रू, ऊन आणि गरमी. मी एकदा मार्च ते जून रीळ स्कूटरच्या डिकीत विसरलो. नाशिकचा उन्हाळा, त्यात बंद डिकी. जूनच्या पहिल्या पावसानंतर दारणाला गेलो, जॅकवेलच्या सावलीत मरळ लागली. माझ्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात मोठी. खांबाला न घासता, गवतात न जाता, उघड्या पाण्यात दोरी शेवयासारखी तुटली. घरी येऊन उरलेली दोरी दोन बोटांनी ओढली तर ती तशीच तुटली. त्यानंतर माझं रीळ घरात, कपाटात, हिच्या पैठणीच्या खालच्या कप्प्यात असतं. त्यावरून बोलणी खातो.

गाठ आवळताना थुंकी लावायची की पाणी? (देवळाली कॅम्प)

काहीही लावा, कोरडी आवळू नका. घर्षणाने दोरी तापते आणि गाठीतच कमजोर होते. ब्रेडेडचं तर विचारूच नका, ती पॉलिएथिलीनची, नायलॉनच्या मानाने फार लवकर वितळणारी. थुंकी चालते. तंबाखूची चालते का, असंही तुम्ही कंसात विचारलं आहे. माशाला त्याचा वास येतो की नाही यावर काठावर बरीच भांडणं झाली आहेत. शेजारी बसलेल्याला येतो.