‘यस, यस’चा अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड (म्हणजे गुण) आहेत, टेस्टिंगचा सात वर्षांचा अनुभव आहे, मग परदेशात जाताना ‘कम्युनिकेशन, कम्युनिकेशन’ म्हणून सगळे एवढं काय घाबरवतात? कामच बोलेल की!

पहिलं वर्षभर तरी काम बोलत नाही हो. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नसतं. तुमची मेल आणि मीटिंगमधली तुमची चार वाक्यं, यावरच लोक तुम्हाला जोखतात.

बँड चांगलेच आहेत. पण त्या परीक्षेत 60 मिनिटांत किमान 150 आणि किमान 250 शब्दांचे दोन तुकडे लिहायचे असतात. शब्द कमी पडले की गुण जातात. ऑफिसात नेमकं उलटं. 250 शब्दांची मेल लोक वरवर चाळतात आणि मुद्दा तळाशी असेल तर तो तिथेच राहतो.

माझंच सांगतो. रुजू होऊन दोन महिने झाले होते. मीटिंगमध्ये मॅनेजरबाई काम समजावत होत्या आणि मी मान डोलावत ‘यस, यस’ करत होतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे बोला’. त्यांनी वहीत लिहून घेतलं: शुक्रवार. बुधवारीच मला कळलं होतं की हे जमत नाही, पण वाटलं, रात्री जागून उरकू. शुक्रवारी संध्याकाळी चार परिच्छेदांची मेल टाकली. सर्व्हर कधी बंद होता, कुणाची फाइल उशिरा आली, सगळं साग्रसंगीत. ‘थोडा उशीर होईल’ हे अगदी शेवटच्या ओळीत. सोमवारी बाईंनी एवढंच विचारलं, “बुधवारी का नाही सांगितलंत?” आवाजसुद्धा चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

आता तीच मेल मी अशी लिहीन: ‘रिपोर्ट शुक्रवारऐवजी मंगळवारी देतो. दोन फाइली यायच्या आहेत. तयार झालेला अर्धा भाग आज हवा असेल तर पाठवतो.’ कारणं त्याखाली, ज्याला हवी त्याने वाचावीत. आणि तोंडी काहीही ठरलं की जागेवर परत येऊन दोन ओळी टाकतो: मी काय करणार, कधीपर्यंत. समजण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे कळते.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हणालात तर समोरच्याला वाटतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. शंका असेल तर ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘डू द नीडफुल’ने कुणी काय करायचं हे कळत नाही, नाव आणि तारीख घाला. तारखेतला महिना अक्षरात लिहा, कारण 04/05 म्हणजे ब्रिटनमध्ये 4 मे आणि अमेरिकेत 5 एप्रिल. मोठे आकडे मिलियनमध्ये द्या (10 लाख म्हणजे 1 मिलियन). एखादा विषय ‘टेबल’ करूया म्हणाले, तर ब्रिटिश माणूस तो चर्चेला घेतोय, अमेरिकन बाजूला ठेवतोय. दोघं एकाच कॉलवर असले की खुशाल विचारा, नक्की काय करायचंय?

उच्चारांचं टेन्शन मात्र घेऊ नका. सावकाश बोललात की भागतं. ॲक्सेंट बदलायच्या क्लासला पैसे घालू नका.

निघायला तीन महिने आहेत म्हणता, तर आजच एक करा. तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या दहा मेल उघडा आणि खरा मुद्दा कितव्या ओळीत येतो ते मोजा.