वाचकांचे प्रश्न : नवा इन्व्हर्टर पहिल्यांदा सुरू करताना

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घेतली. दुकानदाराने सामान घरपोच केले, पण जोडणीसाठी माणूस पुढच्या आठवड्यात येईल असे सांगितले. बॅटरीला लाल आणि काळी अशा दोनच वायरी लावायच्या असतात; ते काम मी स्वतः केले तर चालेल का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : बॅटरीची बाजू माहितीपुस्तिका समोर ठेवून आपल्याला जोडता येईल, मात्र स्वतः जोडणी केल्यास वॉरंटीला बाधा येते का, हे दुकानदाराला आधी विचारून घ्यावे. इन्व्हर्टरचे आउटपुट घराच्या वायरिंगला जोडण्याचे काम परवानाधारक वायरमननेच केले पाहिजे. ती जोडणी चुकली, तर वीज परत येताच इन्व्हर्टर जळू शकतो, आणि त्याहून गंभीर म्हणजे वीज गेलेली असताना इन्व्हर्टरचा प्रवाह उलटा बाहेरच्या लाइनवर जाऊन तिथे काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते.

बॅटरीच्या बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून तिच्याजवळ अनेक जण निर्धास्तपणे वावरतात. इथे धोका अँपिअरचा, म्हणजे वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे. ६०० वॅटचा भार चालवताना या बॅटरीतून ५० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर (वायरी लावायच्या टोकांवर) पाना आडवा पडला तर त्याच्या कित्येक पट प्रवाह एका क्षणात वाहून पाना लालभडक होतो. म्हणून हातातली अंगठी, कडे, घड्याळ आधी काढून ठेवावे, पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असते. ते डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

बॅटरी ट्रॉलीवर, सपाट जागी आणि मोकळ्या हवेत ठेवावी. काही बॅटऱ्यांना वाहतुकीसाठी बंद बुचे लावलेली असतात. ती काढून सोबत आलेले फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी सच्छिद्र बुचे) बसवल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नये, कारण आत तयार होणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट लागते. फ्लोट खाली गेलेला दिसला तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. आणि ॲसिड तर कधीही घालू नये.

आता जोडणी. इन्व्हर्टरचा स्विच बंद आणि त्याचा प्लग सॉकेटमधून बाहेर असला पाहिजे. लाल वायर अधिक चिन्हाच्या टर्मिनलला लावून बोल्ट घट्ट आवळावा, त्यानंतर काळी वायर उणे चिन्हाला. काळी वायर टेकताच बारीक ठिणगी उडते. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) त्या क्षणी चार्ज होतात, त्यामुळे घाबरून हात मागे खेचू नये. परंतु ठिणगी मोठी असेल किंवा पुन्हा पुन्हा उडत असेल, तर वायर काढून अधिक-उणे तपासावे. वायरी उलट लागल्या तर फ्यूज जातो, अनेकदा आतला बोर्डही जातो. शेवटी दोन्ही टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

नंतर प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावून चार्जिंगचा दिवा लागल्याची खात्री करावी. पहिले चार्जिंग पूर्ण होऊ द्यावे. त्याला साधारण १० ते १२ तास लागतात. या काळात टर्मिनलच्या वायरी सोडू नयेत, कारण चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

वायरमनने आउटपुट जोडल्यावर त्याच्या समोरच चाचणी घ्यावी. आधी एक दिवा, मग पंखा, असा भार हळूहळू वाढवावा. इस्त्री, गिझर, पाण्याचा पंप या लाइनवर नकोच. पंधरा मिनिटांनी बॅटरीच्या जाड वायरींच्या आवरणाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. टर्मिनलजवळ वायर गरम लागत असेल तर बोल्ट सैल आहे असे समजावे, आणि इन्व्हर्टर बंद करून प्लग काढल्यावरच तो आवळावा.

प्रश्न : मेन स्विच बंद करून बल्बचा होल्डर बदलताना मला शॉक बसला. असे कसे झाले?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपला होल्डर इन्व्हर्टरच्या लाइनवर असणार. मेन स्विच बंद केला म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीने वीज गेली. तो लगेच बॅटरीवर येतो आणि त्या लाइनमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा सुरूच ठेवतो. दुरुस्तीपूर्वी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत आणि टेस्टरने खात्री करावी. मेन स्विचच्या पेटीवर ‘घरात इन्व्हर्टर आहे’ अशी ठळक चिठ्ठी आजच लावा, कारण बाहेरून आलेल्या वायरमनला ते माहीत नसते.