लेन्समधली बुरशी: सर्व्हिस सेंटरला देण्याआधी

पावसाळाभर ताम्हिणीत भटकून आल्यावर तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे दिसतायत आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचे 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतायत, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. माझी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) अशीच वाया गेली. भीमाशंकरला रात्री चमकणारी बुरशी टिपायला जायचं आणि घरी लेन्समध्ये दुसरीच वाढवायची!

सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या), ड्राय कॅबिनेट (लेन्स कोरड्या ठेवायचं कपाट) यात शिरत नाही, ते तुम्ही करत असालच. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी, बस. लेन्स तांदळात पुरायला सांगणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, आत नुसती भुकटी जाते.

खरा घोळ सर्व्हिस सेंटरचा. नाव घेत नाही. तपासणीचे पैसे आधी घेतले, मग 'हेड ऑफिसचं अप्रूव्हल यायचंय'. फोन केला की दरवेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. दिवाळी उलटून गेल्यावर लेन्स परत आली, न उघडता. शेरा काय, तर 'मॉइश्चर डॅमेज, वॉरंटीत बसत नाही'. अहो, वॉरंटी मागितली कुणी? पैसे मोजून साफ करायला दिली होती! बुरशी काचेवर नुसती बसून राहत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि ते कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खातं. आधी जे पुसून निघालं असतं, ते तेवढ्या काळात कायमचं कोरलं गेलं. आता उजेड समोरून आला की फोटो धुरकट.

म्हणून देण्याआधी मागून टॉर्च मारून धाग्यांचे फोटो काढा, सिरियल नंबरसकट. जॉब शीटवर, म्हणजे लेन्स जमा करतानाच्या पावतीवर, 'फंगस क्लीनिंग, पेड' असंच लिहून घ्या, खर्च आणि तारीखही. तारीख देत नसतील तर लेन्स उचला आणि निघा. वॉरंटी संपली असेल तर मी सरळ जुन्या कारागिराकडे जाईन. अर्थात हे माझं मत. लेन्स महागाची असेल तर माझ्या भरवशावर राहू नका. आणि व्हिडिओ बघून स्वतः तर उघडूच नका.

जाता जाता: पुढच्या जूनमध्ये कर्नाळ्याला तिबोटी खंड्या या पक्ष्याच्या फोटोंसाठी जायचं म्हणताय, तर एसी गाडीतून उतरल्यावर अर्धा तास बॅग बंदच ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि घरट्याच्या बिळासमोर ट्रायपॉड लावू नका. चोचीत सापसुरळी घेऊन आलेला पक्षी माणसं दिसली की आत शिरत नाही. तिथं फ्लॅश उडवणाऱ्यांबद्दल लिहायला बसलो तर मॉडरेटर मलाच बाहेर काढतील.