म्सिंगाची माहिती लिहिताना

आधी हद्द पक्की करा. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातली म्सिंगा पालिका २००० ची. जुन्या दंडाधिकारी जिल्ह्याचे आकडे तिला जोडलेत की तुलना फसते. पालिका म्हणून शहर शोधू नका. टुगेला फेरी, पोमेरॉय ही बाजारगावं. बाकी डोंगरउतारावर विखुरलेली घरं. जमीन बहुतांशी १९९४ च्या इंगोन्यामा ट्रस्टची (झुलू समाजाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), वाटप इन्कोसी (पारंपरिक प्रमुख) आणि इंदुना (त्याचा गावपातळीवरचा मुखिया) यांच्यामार्फत. तेव्हा सातबारा विचारण्यात अर्थ नाही.

थुकेला (टुगेला) नदीच्या कालव्याखाली साधारण ०.१ हेक्टरचे तुकडे, त्यांत मका, टोमॅटो, कोबी. शेवटच्या वाफ्यांना पाणी कमी पोचतं. हिरवाई पाहून शेतीला मुख्य उत्पन्न ठरवू नका: बऱ्याच घरांचा खर्च सरकारी वृद्ध व बाल अनुदानावर, शहरांतून येणाऱ्या पैशावर चालतो. पुरुष कामाला बाहेर, म्हणून जनगणनेत बायका जास्त दिसतात. तो आकडा चूक समजून बदलू नका.